फुकट्यांवर चिडायचं कसं?

परप्रांतीयांवर चिडायचं ठरवलंच असेल, तर आधी मुहूर्त बघा. स्लॅब टाकायच्या आधी कधीही चिडू नये. सेंट्रिंग, गिलावा, फरशी, पीओपी, रंग असं सगळं उरकून वास्तुशांतीची शेवटची पंगत उठली, की मग सावकाश चिडावं. मधेच तोंड सुटलं आणि सेंट्रिंगवाला फळ्या तशाच टाकून गावाकडं निघून गेला, तर पंचाईत होते. तालमीत पोरं ढीगभर असतात, मिरवणुकीत रात्रभर नाचतात, पण दुसऱ्या मजल्यावर उन्हात वाकून सळी बांधणारा त्यातला एक सापडत नाही.

मुहूर्तानंतर जागा. कोल्हापुरात गंगावेशीतला दूधकट्टा चांगला, रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरी त्याहून चांगली आणि लग्नाची पंगत सगळ्यात चांगली, कारण तिथं तोंडात घास असल्यामुळं कुणी उलट विचारत नाही. सुरुवात ठरलेल्या वाक्यानं करायची : "ही लोकं येत्यात आन् आमचं रेशन खात्यात बघा." एवढं म्हणून थांबायचं. समोरचा "व्हय की" म्हणतोच. आकड्यांत शिरायचं नाही. शिरलात की अडकलात.

कारण हिशोब असा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. धान्य केंद्राचं. बिहारच्या माणसानं त्याच्या वाट्याचं धान्य कोल्हापुरात उचललं, तर तेवढं त्याच्या तिकडच्या कार्डावरून वजा होतं. गावाकडं त्याची बायको दुकानात गेली की तिच्या पिशवीत तेवढं कमी पडतं. 'एक देश, एक रेशन कार्ड' म्हणतात ते हेच. २०१९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे तुमच्या ताटातला एक दाणासुद्धा हलत नाही. चिडणाऱ्या माणसाला ही माहिती फार बाधते. कुणी सांगायलाच लागला तर "तसलं सगळं कागदावर असतंय" म्हणून उडवून लावा.

आणि ते अगदीच खोटं नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एखाद्या रेशन दुकानापाशी महिनाअखेरीला जरा उभे राहा. फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला असलेला पोरगा येतो. फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगची जादा धार ग्राइंडरवर घासून काढायची. दिवसभर लोखंड घासता घासता त्याच्या बोटांवरच्या रेषाही घासून गेलेल्या असतात. तो ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवतो, मशीन नाही म्हणतं. पँटला पुसून पुन्हा ठेवतो. मग दुसऱ्या हाताचा. मग तर्जनी. मागं रांगेत पिशव्यांची चुळबूळ सुरू होते. दुकानदार म्हणतो, "भैया, तुम्हारा अंगठा नहीं लेता मशीन, गाँव जाके केवायसी करके आवो." पाच किलो तांदळासाठी दीड-दोन हजार किलोमीटर. पोरगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातनं सुटा तांदूळ विकत घेऊन रूमवर जातो, आणि रांगेतला शेवटचा माणूस त्याच्या पिशवीकडं बघून म्हणतो, "बघितलासा? सगळं ह्यांनीच न्हेलं." त्या माणसाला गुरू करा.

आता तुमच्या स्वतःच्या कार्डाचं. प्राधान्य गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार रुपये आहे, खेड्यात ४४ हजार. आपण त्यात बसतो का, हा प्रश्न मनात आणू नये. दुकानाला जाताना चारचाकी नेऊ नये, वहिनींना मोपेडवरून पाठवावं. तांदूळ जाड निघाला तर इडलीला लावावा, त्यातूनही उरला तर गल्लीत रेशनचा तांदूळ गोळा करायला येतो त्याला घालावा. याला फुकट खाणं म्हणत नाहीत. सरकार एवढ्या प्रेमानं देतंय, तर नाही म्हणणं बरं दिसत नाही.

लाडक्या बहिणीबद्दलही असंच बेतानं बोलावं. "परप्रांतीय बायका आमच्या बहिणींचं पैसं खात्यात" हे वाक्य टाळ्या घेतं, यात शंका नाही. पण महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी अधिवासाचा दाखला लागतो, नाही तर पंधरा वर्षांपूर्वीचं इथलं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला. नवऱ्यामागं परवा गोकुळ शिरगावात आलेल्या बाईनं यातलं काय आणायचं? परराज्यात जन्मून नव्यानं इथं आलेल्या बाईला एकच वाट आहे, ती म्हणजे महाराष्ट्रातला नवरा. त्याची कागदपत्रं चालतात. (चार एकर ऊस असून पस्तिशीपर्यंत मुलगी मिळाली नाही अशी पोरं आपल्याकडं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी हद्दीपलीकडून सून आली, तर ती परप्रांतीय धरायची नसते. हा अपवाद पाठ करून ठेवा, पाहुण्यांत उपयोगी पडतो.) मग नको त्यांनी पैसे घेतले ते कोण? २०२५ मध्ये सरकारच्याच छाननीत २६ लाखांवर लाभार्थ्यांच्या पात्रतेबद्दल शंका निघाली. १४ हजारांहून अधिक पुरुष बहीण झालेले सापडले, आणि दोन हजारांवर बायका सरकारी नोकरीतल्या. या बहीण झालेल्या पुरुषांत बिहारी किती, असं कुणी विचारलंच तर चहा मागवावा.

खरी कसोटी मात्र बांधकाम कामगार मंडळाची. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसू लागला. त्या पैशातून कामगाराला हेल्मेट-बुटांची पेटी, भांड्यांचा संच, पोरांना शिष्यवृत्ती, अपघात झाला तर मदत. अट एवढीच, की वय १८ ते ६० असावं आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं. माणूस मूळचा कुठला, हे कायदा विचारत नाही. आता भांडी कुणाच्या मांडणीवर आहेत ते तुमच्याच गल्लीत फिरून बघा. ज्या काकूंनी आयुष्यात कधी घमेलं उचललं नाही, त्यांच्याकडं कुकर, कढई, परात, डबे सगळं एका खेपेत आलेलं असतं. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराच्या सहीनं मिळतो आणि सही एजंटाच्या ओळखीनं. पेटीतलं पिवळं हेल्मेट परड्यात खुंटीला, त्यात लसूण. मच्छरदाणी गोठ्यात, म्हशीवर. बूट भावोजींना एक नंबर लहान होतात म्हणून तसेच पिशवीत.

आणि ज्याच्यासाठी कायदा झाला तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर स्लिपर घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा. त्याला दाखला का मिळत नाही, याचं कारण साधं आहे. ठेकेदारानं दाखला दिला, की हा आपल्याकडं ९० दिवस कामाला होता हे त्याच्याच सहीनं सिद्ध होतं. मग उद्या तो वरून पडला तर "कोण हा, आम्ही ओळखत नाही" असं म्हणता येत नाही. काकूंचा दाखला द्यायला ठेकेदाराला अजिबात धोका नाही, कारण काकू कुठूनच पडणार नाहीत. तुम्ही फक्त एवढं करा, काकूंना एक उत्तर पढवून ठेवा. चौकशीला साहेब आले आणि "काम काय करता?" म्हणाले, तर "वाळू चाळते" म्हणायचं आणि लगेच पदर खोचायचा.

"पण ही लोकं कर तरी भरतात का?" हा हुकमी सवाल आहे, तो जरूर टाका. फक्त फाउंड्रीच्या पगारपत्रकाशेजारी उभं राहून टाकू नका. महिना दहा हजारांच्या वर पगार घेणाऱ्या पुरुषाचा महाराष्ट्र सरकार महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतं, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५००. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला, म्हणजे महाराष्ट्राच्या खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून. ज्याचं नाव पगारपत्रकावर आहे त्या ओडिशाच्या मोल्डरकडून, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्याकडून, तो दर महिन्याला न चुकता वळता होतो. शेतीच्या उत्पन्नावर तर आपल्याला प्राप्तिकरही नाही, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं वीजबिलही २०२४ पासून माफ. ते वेगळं. तो बळीराजाचा सन्मान.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मीही मान्य करतो. त्या पगारात, बारा-बारा तास, भट्टीपुढं उभं राहणं इथल्या पोराला परवडत नाही. बाहेरची माणसं कमी पैशांत राबायला तयार आहेत म्हणून रेट वर जात नाही, या तक्रारीत तथ्य आहे. पण रेट ठरवणारा बिहारचा नसतो. तो जिल्ह्यातलाच असतो, त्याच्या कारखान्यातल्या सत्यनारायणाला आपण जेवून येतो, आणि गणपतीला तोच मंडळाला मोठी पावती फाडतो. म्हणून राग त्याच्यावर काढू नये. राग नेहमी उतारावर सोडावा.

इतिहासापासूनही जरा जपून. सव्वीस जूनला "शाहूंच्या विचारांची नगरी" असं स्टेटस ठेवायला हरकत नाही, ठेवलंच पाहिजे, पण महाराजांनी केलं काय यात फार खोल जाऊ नये. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन. शहरापासून जवळच वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, त्यांत बायका आणि पोरंच जास्त. ते गेले, आणि त्याच छावणीत फाळणीनं उखडलेले सिंधी येऊन राहिले. नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या, सरकारी मदतीवर दिवस काढलेल्या त्या लोकांनी तिथंच कापडाचे गठ्ठे सोडले. त्या वस्तीला आपण आज गांधीनगर म्हणतो, आणि दिवाळीच्या आधी सगळं घर भरून तिकडं खरेदीला जातो. तिथं दुकानात भाव करताना "तुम्ही बाहेरचे" असं म्हणू नये, दहा टक्के सूट जाते. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, बंगाली कारागिराकडून मंगळसूत्राच्या वाट्या घडवून घेतानाही तोच नियम.

परदेशाचा विषय निघाला तर मात्र छाती पुढं काढा. तुमचा भाचा जर्मनीत आहे. तिथं त्याला दोन पोरांचा भत्ता मिळतो, पोरामागं महिन्याला अडीचशे युरोंच्या वर. त्याचं आडनाव तिथल्या शेजाऱ्याला उच्चारता येत नाही, त्यानं तिथली भाषा मोडकीतोडकीच शिकली आहे, आणि पोस्टमन पाकीट टाकून गेला की खालच्या मजल्यावरची म्हातारी त्याच्या दाराकडं टक लावून बघते. मामी फोनवर कौतुकानं सांगतात, "सरकार किती करतंय बघा पोरांसाठी!" भाचा तिकडं कर भरतो, त्यामुळं तो त्याचा हक्कच आहे. तोच भाचा रात्री आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर घुसखोरांना हाकलून लावायचे फॉरवर्ड टाकतो, त्याला अंगठा द्यायला विसरू नका. त्याचा अंगठा मशीन लगेच घेतं.

घर भाड्यानं देत असाल तर आणखी दोन सूचना. एका खोलीत आठ जण ठेवा, भाडं डोईवर घ्या, रोख घ्या, आणि भाडेकरार कधीही करू नका. करार नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे गॅसची जोडणी नाही, बँकेत पत्ता बदलत नाही, इथं कार्ड निघत नाही. मग ते पाच किलोच्या छोट्या टाकीवर स्वयंपाक करतात, संडासाला रांग लावतात. तुम्ही वरच्या गॅलरीतून बघून म्हणायचं, "ह्या लोकांस्नी राहायची पद्धतच न्हाई." ते भाडं बायकोच्या नावानं ठेव पावतीत टाकायचं.

शेवटी छटपूजा. दिवाळी झाली की ही सगळी मंडळी गावाकडं जातात, आणि तुमची खरी परीक्षा तेव्हा असते. मे २०२० आठवतो ना? कोल्हापूरहून श्रमिक रेल्वे सुटल्या तेव्हा "गेली एकदाची ब्याद" म्हणून फटाके वाजवायचेच बाकी होते, आणि पुढच्या काही महिन्यांत तीच माणसं परत यावीत म्हणून कारखानदार फोन करत होते. म्हणून क्रम चुकवू नका. आधी मिस्त्रीला फोन लावा, "भैया, कब आ रहे हो, टिकट का पैसा भेजू क्या?" असं गोड आवाजात विचारा, दोन माणसं जास्तीची आणायला सांगा. पैसे पोचल्याचा मेसेज येऊ द्या. त्यानं गाडीत बसल्याचा फोटो पाठवला की मगच 'परप्रांतीय हटाव'ची पोस्ट टाका, आणि टाकताना मिस्त्रीला ती दिसणार नाही एवढी सेटिंग करून घ्या.