दालमिलच्या बॅकअपबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

तुम्ही लिहिलंत, ‘व्हीएमवेअर काढून प्रॉक्समॉक्स टाकलं, आता बॅकअप दुपारपर्यंत चालतो आणि टॅली अडकतं. आधी अर्ध्या तासात व्हायचा. यांना काम येत नाही.’ शेवटचं वाक्य फार लागलं. (व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारी सॉफ्टवेअर.)

डिस्कवर काय बदललं याची नोंद व्हीएमवेअर डिस्कशेजारीच एका फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मशीन बंद-चालू केलं तरी ती टिकते. प्रॉक्समॉक्समध्ये हीच नोंद मेमरीत असते, व्हीएम बंद झालं की गेली. मग पुढच्या बॅकअपला अख्खी डिस्क पुन्हा वाचावी लागते. साठवला जातो बदललेला भागच, पण वाचण्यात वेळ जातो. आणि तुमच्या मिलमध्ये सर्व्हर रोज संध्याकाळी बंद होतो. रात्री अकराचा बॅकअप राहतो आणि सकाळी, ऐन बिलांच्या वेळी सुरू होतो. सर्व्हर चोवीस तास चालू ठेवा, हे काम सोपवतानाच तुमच्या मॅनेजरना सांगितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं होतं. त्यात आमचं काम न येण्याचा प्रश्न कुठे आला?

‘जुनं वीमच ठेवायचं होतं’ असंही म्हणालात, म्हणजे आधीचं बॅकअप सॉफ्टवेअर. वीममध्ये प्रॉक्समॉक्सची सोय ऑगस्ट २०२४ मध्ये, १२.२ आवृत्तीत आली. तुमच्याकडे ११ होतं आणि रिन्युअल नको, हे तुमचंच म्हणणं. म्हणून प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर लावला, त्याला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनीच विकत घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं थांबवलं, तेव्हा ‘दरवर्षी पैसे कोण भरणार’ म्हणत तुम्हीच दुकानात आला होतात.

दिवाळीआधी टॅलीचं फोल्डर चुकून डिलीट झालं, ते याच बॅकअपमधून त्याच दिवशी काढून दिलं. त्याचा एक शब्दही रिव्ह्यूत नाही, याचं वाईट वाटतं. जळगावात आमचं पोट दाणा बाजार आणि एमआयडीसीतल्या ओळखींवर चालतं. एक स्टार बघितला की नवा माणूस फोनसुद्धा करत नाही.

बॅकअपची वेळ बदलून देऊ, फोनही लवकर उचलला जाईल असं बघतो. रविवारी मिल बंद असते तेव्हा आमचा मुलगा येईल. तोवर रात्री सर्व्हर चालू ठेवायला मॅनेजरना तेवढं सांगा, भाऊ.