ब्रिटनची सोडत खरी, ‘नोंदणी फी’ खोटी

‘ब्रिटन ३,००० भारतीय तरुणांना फुकटात नेऊन नोकरी देतंय, आजच फी भरा’ असा मेसेज फिरतोय. फुकट आणि फी एकाच वाक्यात! ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ खरी आहे, २०२३पासूनची. पण मिळतो तो दोन वर्षांपर्यंतचा व्हिसा, तोही सोडतीत नाव निघालं तर. नोकरी ज्याची त्यानं शोधायची. वय १८ ते ३०, किमान पदवी. सोडतीत नाव घालायला ब्रिटिश सरकार एक पैसाही घेत नाही, आणि कुठलाही एजंट तुमची चिठ्ठी वर काढू शकत नाही. खर्च नंतरचा: व्हिसा फी, आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची रक्कम), शिवाय खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत. बाबांनी आदल्या रात्री टाकलेले चालत नाहीत.