'ऑपरेटरच्या नजरेतून' या कमेंटला उत्तर : पॅनेलमध्ये रोज बसतंय कोण?

दादा, नाव लिहिलं नाहीत म्हणून दादा म्हणते, चालेल ना. कमेंट रागात लिहिलीय पण लेख पूर्ण वाचून लिहिलीय हे कळतं, त्यामुळे नुसतं "धन्यवाद" टाकून सोडायला जमेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी सोलापुरातले दोन-तीन टॉवेलवाले, दोन शाळा, एक पतसंस्था अशा लोकांच्या वेबसाईटवर मजकूर टाकायचं काम करते, त्यात वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल या तिन्ही सीएमएसच्या (वेबसाईट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) पॅनेलमध्ये, म्हणजे लॉगिन करून मजकूर भरायच्या पानावर, बसावं लागतं, आणि कुठे काय टोचतं ते मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं, की लेख "ऑपरेटरच्या नजरेतून" आहे, टेक्निकल डेप्थ शून्य, जूमलाचं लॉक (एकाने लेख उघडला की दुसऱ्याला बंद) हे फीचर आहे त्याला त्रास म्हणणं अडाणीपणा, मराठी स्लगचा (शीर्षकावरून बनणाऱ्या पानाच्या पत्त्याचा) मुद्दा फालतू, सुरक्षेत ड्रुपलच्या आसपास कोणी नाही, आणि एकूण काय तर दोष सीएमएसचा नाही, ट्रेनिंगचा आहे.

तर पहिलं. ऑपरेटरच्या नजरेतून आहे, शंभर टक्के. मी आधी नवी पेठेत डीटीपी करायचे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, अहवाल, सगळं श्रीलिपीत (डीटीपीचं जुनं मराठी फॉन्टवालं सॉफ्टवेअर), मग प्रेसची गिऱ्हाईकंच म्हणायला लागली की आमच्या वेबसाईटवर पण तुम्हीच टाईप करा, तशी यात आले. डेव्हलपर आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. पण मला एक सांगा, जॉबर (मागाचा मिस्त्री) येऊन लूम सेट करून जातो, त्याला लूमचं सगळं कळतं, मान्य, तरी दिवसभर त्या लूमसमोर उभं राहून धागा कुठे तुटतो हे कामगारच सांगणार ना? तुम्ही साईट बनवून देता, पेमेंट घेता, पुढच्या गिऱ्हाईकाकडे जाता (जायलाच पाहिजे, धंदा आहे), आणि त्या पॅनेलमध्ये पुढची चार-पाच वर्षं कोण बसतं? शाळेतला क्लार्क, कारखान्यात बिलिंग करणारी मुलगी, नाहीतर माझ्यासारखी. म्हणून यूजर एक्सपिरीयन्स म्हणजे साईट बघणाऱ्याचाच, हे मला पटतच नाही. रोज लॉगिन करतो तो पण यूजरच आहे की, आणि त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून तर मी लिहिलं.

आता ट्रेनिंग. हा शब्द ऐकला की मला हसूच येतं, राग मानू नका. ट्रेनिंग कसं होतं ते मी बघितलंय. साईट हॅंडओव्हर करायच्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये तासभर, चहा येतो, मालक मान डोलावतात, स्क्रीनवर एक "टेस्ट पोस्ट" टाकून दाखवतात, सगळे छान छान म्हणतात. आणि ज्या मुलीला उद्यापासून ते करायचंय ती बाहेर डिस्पॅचच्या नोंदी करत बसलेली असते. तिला नंतर एका कागदावर यूजरनेम पासवर्ड लिहून मिळतो, तोही ॲडमिनचा, कारण दुसरा रोल करायचा कंटाळा. वर्डप्रेसमध्ये एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर असे रोल तयार असतात, दोन मिनिटांचं काम आहे, तरी मी बसले त्यातल्या बहुतेक साईटवर झाडून सगळे ॲडमिन. मग डावीकडे प्लगिन (वरून जोडलेल्या जादा सोयी), टूल्स, सेटिंग्ज, फॉर्मवाल्याचा मेनू, एसईओवाल्याचा मेनू, वर "आत्ताच प्रो घ्या"च्या पिवळ्या पट्ट्या. तिला फक्त "पोस्ट" पाहिजे असतं हो.

बरं, समजा ट्रेनिंग मनापासून दिलं. पुढे? मार्च २०२० च्या शेवटी वर्डप्रेस ५.४ आलं आणि त्यात एडिटर आपोआप फुलस्क्रीन उघडायला लागला, म्हणजे पोस्ट उघडली की डावीकडचा सगळा मेनू गायब. लॉकडाऊन नुकतं लागलेलं, सगळे घरी, वर्डप्रेसवाल्या शाळेला अभ्यासाच्या पीडीएफ साईटवर टाकायच्या, आणि क्लार्क फोनवर "मॅडम मेनूच गेला, साईट हॅक झाली काय बघा की". फोनवर सांगायचं, वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, नाही नाही उजव्या कोपऱ्यात, त्यात फुलस्क्रीनवरची टिक काढा. काढली. आणि ती सेटिंग तेव्हा त्या ब्राउझरपुरतीच राहायची, त्यामुळे मुलाच्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं की परत मेनू गायब आणि परत फोन. आता यात ट्रेनिंग कुणाचं कमी पडलं? त्या माणसाला जे शिकवलं ते त्याने नीट शिकून घेतलं होतं, स्क्रीनच बदलली.

गुटेनबर्गला (वर्डप्रेसच्या नव्या एडिटरला) शिव्या घातल्या म्हणता. शिव्या नाहीत घातल्या. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० सोबत तो आला तेव्हापासून प्रत्येक परिच्छेद म्हणजे वेगळा ब्लॉक, आणि ज्याला फोटो शेजारी मजकूर, खाली बटण असं काही मांडायचंय त्याला ते आवडतंच, मलाही टॉवेलच्या साईजचा तक्ता त्यात करायला आवडतो. पण ज्याला मुख्याध्यापकांचं चार परिच्छेदांचं पत्र वर्डमधून उचलून टाकायचंय त्याच्यासाठी जुना एकच मोठा चौकोन बरा होता. क्लासिक एडिटरचं, म्हणजे तो जुना चौकोन परत आणणारं, प्लगिन आजही ५० लाखांच्या वर साईट्सवर चालू आहे. ते सगळे अडाणी धरायचे का?

जूमलाच्या लॉकवर तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात, तेव्हा ते नीटच सांगते. दुसऱ्या शाळेच्या साईटला जूमला ३ आहे. एक मॅडम परीक्षेचं वेळापत्रक उघडतात, अर्धं दुरुस्त करतात, तेवढ्यात लाईट जाते (किंवा पाच वाजतात आणि त्या सरळ ब्राउझर बंद करून बस पकडतात, दोन्ही झालंय). "क्लोज" बटण दाबलं नाही, म्हणजे जूमलाच्या हिशोबाने लेख अजून त्यांच्याच हातात. दुसऱ्या दिवशी क्लार्क बघतो तर शीर्षकाशेजारी बारकं कुलूप, उघडतच नाही. मॅडम सुट्टीवर. कुलूप काढायला ग्लोबल चेक-इन (अडकलेले लेख सोडवायची सोय) पाहिजे, ते मोठ्या ॲडमिनकडे, आणि तो ॲडमिन म्हणजे साईट बनवणारा, जो फोन उचलत नाही. पालक गेटवर वेळापत्रक विचारायलेत आणि साईटवर जुन्याच तारखा.

दोघांनी एकाच वेळी लिहून एकमेकांचं पुसू नये म्हणून लॉक पाहिजे, हे मला कळतं हो. वर्डप्रेसमध्येही आहे, २०१३ च्या ३.६ पासून. फरक एवढाच की तिथे टॅब बंद केली किंवा लाईट गेली तर साधारण १५० सेकंदांत ते लॉक आपोआप सुटतं, आणि कोणी खरंच आत असेल तर त्याचं नाव दाखवून "तुम्ही ताबा घेता का" विचारतं. फीचर तेच, पण एकाने गृहीत धरलंय की माणूस क्लोज दाबायला विसरणार, दुसऱ्याने धरलंय की विसरणार नाही. याच्यासाठी कोड वाचता यायला लागत नाही, त्या खुर्चीत बसावं लागतं.

आता तुमचा "फालतू" मुद्दा, स्लग. इंग्रजीत टाका, विषय संपला, असं तुम्ही लिहिलंय. बघू संपतो का. टॉवेलवाल्यांची पोस्ट होती, शीर्षक "सिद्धेश्वर यात्रेनिमित्त टॉवेलवर खास सवलत". गड्ड्याच्या, म्हणजे याच यात्रेच्या, दिवसात बाहेरगावची गर्दी असते, म्हणून दरवर्षी टाकतात. मी पब्लिश केलं, लिंक घेतली, तर पत्ता "सिद्धेश्वर-यात्रेनिमित्" इथेच संपलेला, शेवटी त चा पाय मोडका. टॉवेल पण नाही आणि सवलत पण नाही. का? वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची जागा आहे. इंग्रजीला ती भरपूर. पण देवनागरीचं एक चिन्ह, म्हणजे स वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, असं प्रत्येक चिन्ह तीन बाईटचं, आणि प्रत्येक बाईट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. दोनशेला नऊने भागा, बावीस चिन्हं झाली की कात्री. माझ्या शीर्षकात "सिद्धेश्वर" ची दहा, मधली आडवी रेघ एक जागा खाते, पुढची बारा चिन्हं, एकूण १९९. तेराव्या चिन्हाला जागाच नाही. हा हिशोब मी, ऑपरेटरने, कागदावर मांडून काढलाय.

आणि ती लिंक ॲड्रेस बारमधून उचलून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांची रांगच रांग दिसते, चार ओळी. मालक म्हणाले "हे काय व्हायरस पाठवलाय का ग्रुपवर". उघडते, नाही असं नाही, पण कोण दाबणार तिला?

इंग्रजी स्लग टाकायचा हे मलाही माहितीय, मी टाकतेच. पण बिलिंगवाल्या मुलीला कोण सांगणार? जुन्या एडिटरमध्ये शीर्षकाच्या खालीच पत्ता दिसायचा, शेजारी "एडिट", त्यामुळे निदान नजर तरी जायची. नव्यात तो उजवीकडच्या पट्टीत गेला, आणि ती पट्टी लहान स्क्रीनवर मिटलेली असते. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मराठीत मिळतं, इन्स्टॉल करतानाच भाषा निवडता येते, सगळं चांगलंय, फक्त मराठीत शीर्षक लिहिलं की हे असं होणार याची एका ओळीची सूचनासुद्धा ते देत नाही. पब्लिश झाल्यावर पत्ता कापला गेलाय हे लिंक उघडून बघेल त्यालाच कळणार.

ड्रुपलबद्दल मात्र तुम्ही माझा लेख घाईत वाचलाय. मी ड्रुपलची तारीफ केलीय! पतसंस्थेच्या साईटवर ज्याने कोणी ते बसवलं त्या माणसाला मी मनातून नमस्कार करते. "ठेव योजना" उघडली की समोर रकानेच: योजनेचं नाव, मुदत, व्याजदर, ज्येष्ठांना किती, कधीपासून लागू, परिपत्रकाची फाईल. भरा, सेव्ह करा, बास. रंग नाही, फॉन्ट नाही, काही मोडताच येत नाही. श्रीलिपीतलं पत्र चिकटवलं (ती अक्षरं वेबसाईटला वाचता येत नाहीत) तर तिथेही कचराच उमटतो, पण तो एका रकान्यात उमटतो, पान उद्ध्वस्त होत नाही. असं वर्डप्रेसमध्ये पण करता येतं, २०१० च्या ३.० पासून कस्टम पोस्ट टाईप (मजकुराचे आपले वेगळे प्रकार बनवायची सोय) आहेत, पण ते करायला आधी बसून विचार करावा लागतो ना, त्यापेक्षा पेज बिल्डर (पान सजवायचं प्लगिन) टाकून दिला की डेमो चकचकीत दिसतो. मग तो बिल्डर बंद केल्यावर मजकुरात चौकटी कंसांचे शॉर्टकोड भरून राहतात, ते निस्तरायला आम्ही आहोतच.

पण "ड्रुपल घ्या आणि निर्धास्त झोपा" हे काही पटलं नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं सुरक्षेचं ते मोठं भोक जाहीर झालं, आणि नंतर त्यांच्याच सिक्युरिटी टीमने सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी साईट हॅक झालीच असं धरून चाला. आपल्या घड्याळात बघा, पहाटे साडेचारपर्यंत. पतसंस्थेतलं कोण जागं असणार त्या वेळेला? त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, वर्डप्रेसने छोटे सुरक्षा अपडेट आपोआप टाकायला सुरुवात केली होती. प्लगिनमुळे वर्डप्रेस हॅक होतं हे तुमचं खरंय, भोकं बहुतेक तिथेच सापडतात, त्यावर वाद नाही. मी एवढंच म्हणते की ज्या संस्थेत आयटीवाला नाही तिथे किल्ला किती भक्कम यापेक्षा रात्री दार कोण लावतं हे आधी विचारावं.

आणि ड्रुपल ७ वर "अजून" काम करते याला तुम्ही हास्यास्पद म्हणालात. सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला हे मला माहितीय, पतसंस्थेला लेखी कळवलंय. पण सातवरून आठवर जाणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं, थीम नव्याने लिहायची, मॉड्यूल नव्याने शोधायची, मजकूर स्थलांतर करायचा, म्हणजे नवीन साईटचाच खर्च. संचालक मंडळ विचारतं, आहे ती चालतीय ना? चालतीय. मग? यावर उत्तर द्यायला मी पुरी पडत नाही, तुमच्यासारख्या कोणीतरी बैठकीत येऊन सांगायला पाहिजे. खरंच या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

राहिलं जूमला ५. चारवरून पाचवर तुम्ही विनात्रास गेलात असं लिहिलंय. शाळेचं जूमला ३ तर ऑगस्ट २०२३ लाच सपोर्टबाहेर गेलं आणि आता ते हलवायचं ठरतंय, म्हणून दोनच गोष्टी विचारते. एक म्हणजे तीनसाठी केलेल्या टेम्पलेटचे ओव्हरराईड (मूळ मांडणीत आपण केलेले बदल) तुमच्याकडे टिकले का, की सगळं नव्याने केलंत? आणि दुसरं, ते चेक-इन क्लार्कच्या लॉगिनला देता येतं का, बाकी कशालाही हात न लावू देता? एसीएलमधून (कोणाला काय करू द्यायचं त्या परवानग्यांतून) होतं म्हणता, तर कुठल्या ग्रुपला कुठली परवानगी ते इथेच खाली लिहा की, शाळेला लगेच करून देते.