संगीताचा मजकूर जर्मनमधे न्यायचाय? आधी ट्रान्सलेटरला स्वरलिपी वाचता येते का ते विचारा

इंग्रजीतून जर्मनमधे ट्रान्सलेशन करणारे ढिगाने सापडतात, पण विषय संगीताचा निघाला की त्यातले बरेच गळतात, आणि गळायलाच हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही त्याचं जर्मन कितीही झकास असू दे, हे काम त्याला देऊ नका.

साधं बघा. इंग्रजीतला 'बी' हा सूर जर्मनमधे 'हा' होतो, म्हणजे एच हे अक्षर, आणि जर्मन लोक ज्याला 'बे' म्हणतात तो इंग्रजीतला बी फ्लॅट, म्हणजे बीपेक्षा अर्धा सूर खालचा. त्यामुळे बाख या जर्मन कंपोजरचा 'बी मायनर मास' (मास म्हणजे चर्चच्या प्रार्थनेची संगीतरचना) तिकडे हा-मोल असतो, मोल म्हणजे मायनर, कुणी बी तसाच ठेवून बे-मोल लिहिलं की अख्खी पट्टी अर्ध्या सुराने खाली! आणि वाक्य व्याकरणात चोख असतं, त्यामुळे प्रूफ बघणाऱ्यालाही काही खटकत नाही.

म्हणून नुसती सर्टिफिकेटं बघू नका, सॅम्पल मागा, आणि फुकट नको, पैसे देऊन. एखादाच परिच्छेद, पण त्यात पट्ट्या, वाद्यांची नावं, मूव्हमेंट्स म्हणजे रचनेचे भाग, असं सगळं ठासून भरलेलं. मग तो उलट प्रश्न विचारतो का बघा. जाणकार असेल तर पहिलंच विचारेल, हे वाचायचंय की गायचंय?

कारण गायचं असेल तर ते कामच वेगळं, आणि बहुतेक वेळा माणूसही वेगळा लागतो. सिलॅबल मोजायचे, जोर जागेवर पाडायचा, लांब सुरावर तोंड उघडेल असा 'आ'सारखा स्वर शब्दात आणायचा, त्यात जर्मन क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी पळतं, मग कंपोजरने ज्या शब्दासाठी वरचा सूर राखला तो शब्द भलतीकडेच जाऊन बसतो. सीडीच्या बुकलेटमधे छापायला मात्र सरळ अर्थ पुरतो, तिथे यमकं जुळवणाऱ्याला आवरा.

आणि मातृभाषा जर्मनच हवी, यात तडजोड नको. हायडन या कंपोजरच्या 'द क्रिएशन'चं लिब्रेटो, म्हणजे गायचा मजकूर, मूळ इंग्रजी, व्हिएन्नातल्या फान स्वीटनने त्याचं जर्मन केलं आणि मग इंग्रजीही त्यानेच सुरांखाली बसवलं. 1800 मधे दोन्ही भाषांत छापून आलं. त्या इंग्रजीला आजतागायत नावं ठेवतात, कित्येक ठिकाणी सुधारून गातात. संगीताची जाण असलेला माणूस होता हो तो, फक्त इंग्रजी त्याची नव्हती.

शोधायचं कुठे? जर्मनीतल्या ट्रान्सलेटर्सची मोठी संघटना बीडीयू, तिच्या यादीत विषयानुसार शोधता येतं. पण मला जास्त भरवसा वाटतो तो चांगल्या रेकॉर्ड लेबल्सच्या बुकलेट्सवर, शेवटी बारीक अक्षरात ट्रान्सलेटरचं नाव असतं, काम आवडलं तर त्यालाच गाठा. रेट विचारताना एक लक्षात ठेवा, जर्मन लोक बऱ्याचदा शब्दावर नाही तर ओळीवर पैसे लावतात, ओळ म्हणजे साधारण स्पेससकट 55 अक्षरं, तेव्हा दोन कोटेशन्स तशीच शेजारी ठेवून तुलना करू नका.

हक्कांचं मात्र आधीच बघा. जर्मनीत गीतकार जाऊन 70 वर्षं झाली नसतील तर ट्रान्सलेशनसाठीच परवानगी लागते. वर जर्मन कायद्यात ट्रान्सलेशनलाही स्वतंत्र कॉपीराइट असतो, म्हणून बुकलेट, स्टेज, वेबसाइट, कुठेकुठे वापरणार ते काम सुरू व्हायच्या आधी लेखी ठरवून घ्या.