‘नायिकेचा विनोदी चित्रपट चालत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. आमच्या आवडत्या अभिनेत्रीचा नवा विनोदी चित्रपट लवकरच प्रदर्शित होणार असून, त्याची वाट पाहणाऱ्या चाहत्यांना चार शब्द सुनावावेत, असा संदेशकर्त्याचा हेतू दिसतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गंभीर भूमिकांत नाव कमावलेल्या अभिनेत्रीला विनोद जमत नाही आणि नायिकेच्या जिवावर उभ्या राहिलेल्या विनोदी चित्रपटाला मराठी प्रेक्षक जात नाही, मॉलमधील रिकाम्या खुर्च्या हा त्याचा पुरावा आहे, असे चित्रपट पुढे ओटीटीवर येतातच, त्यामुळे थिएटरात जाण्याचे कारण नाही, समाजमाध्यमांवरील उत्साह पैसे मोजून आणलेला आहे, सगळे विनोद ट्रेलरमध्येच संपले आहेत, आणि एवढ्यासाठी चौघांच्या कुटुंबाने दोन हजार रुपये का घालवावेत? अभिनेत्रीचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही. हाच मजकूर यापूर्वी दुसऱ्या एका अभिनेत्रीच्या नावाने फिरला होता आणि ताज्या आवृत्तीत एका ठिकाणी ते जुने नाव तसेच राहून गेले आहे. आक्षेप या चित्रपटावर नसून चित्रपट कोणताही असला तरी तोच असतो, हे त्यावरून उघड होते. म्हणून उत्तरही एका चित्रपटापुरते देऊन भागणार नाही.

गंभीर भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला विनोद जमत नाही, हे विधान मराठी पडदा आणि रंगभूमी या दोहोंकडे पाठ फिरवल्याशिवाय करता येत नाही. रंजना देशमुख यांचा ‘चानी’ १९७७ सालचा आणि ‘अरे संसार संसार’ १९८१ सालचा, दोन्ही गंभीर. त्याच रंजनांनी १९८३ साली विनोदी ‘गुपचुप गुपचुप’ केला आणि १९८४ साली ‘बिनकामाचा नवरा’मध्ये अशोक सराफ यांच्यासारख्या कसलेल्या विनोदी नटासमोर त्या तोडीस तोड उभ्या राहिल्या. भक्ती बर्वे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ या नाटकातून मराठी प्रेक्षकांना हसवले आणि त्यातील नायिका मंजुळेच्या अपमानाने अस्वस्थही केले, पुढे १९८३ साली ‘जाने भी दो यारो’मध्ये त्यांनी रंगवलेली बेरकी संपादिका हिंदी प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. ‘गांधी’तील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी ‘बाईपण भारी देवा’मध्ये प्रेक्षकांना हसवतात. मुक्ता बर्वे यांचा गंभीर ‘जोगवा’ २००९ सालचा आणि हलकाफुलका ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० सालचा. या दोन भूमिकांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे.

हे योगायोग नव्हेत. विनोदी प्रसंगातील व्यक्तिरेखेला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसतो. ती तिच्या परीने अत्यंत गंभीर अडचणीत असते आणि नटाने किंवा नटीने ती अडचण मनापासून मानली तरच समोरच्याला हसू येते. श्वास कुठे घ्यायचा, वाक्याआधी क्षणभर थांबायचे की समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच तोडायचे, नजर केव्हा हटवायची, ही सगळी कामे गंभीर भूमिकेत शिकता येतात आणि विनोदात ती अधिक काटेकोरपणे करावी लागतात. गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नियमित नाटके पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्यासारखे चाहते या चित्रपटाची वाट पाहतात ते नेमके याच कारणासाठी. जिला आम्ही रडताना, भांडताना आणि गप्प बसलेली पाहिले आहे, ती विनोदात काय करते, ही खरी उत्सुकता आहे.

आता प्रेक्षकांविषयी. ‘झिम्मा’ १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा करोनामुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना अर्ध्याच खुर्च्या विकण्याची मुभा होती. घरातून बाहेर पडावे की नाही, याचीच लोकांना धास्ती होती आणि तरीही परदेशी सहलीला निघालेल्या बायकांची ती गोष्ट आठवडेच्या आठवडे चालली. दोन वर्षांनी तिचा दुसरा भागही आला. ३० जून २०२३ रोजी आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ने तिकीटबारीवर ७५ कोटी रुपयांच्या पुढे मजल मारली. त्या वेळी नऊवारी नेसून, गॉगल लावून गटागटाने थिएटरात जाणाऱ्या बायकांची छायाचित्रे राज्यभर पाहिली गेली. १ मे २०२४ रोजी ‘नाच गं घुमा’ आला आणि त्यातील नोकरदार बाई व तिची घरकामाची मदतनीस यांच्या चकमकीवर मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांनी अख्खा चित्रपट पेलला. असे असताना ‘प्रेक्षक जात नाही’ हे वाक्य कोणत्या वर्षाविषयी लिहिले आहे, ते संदेशकर्त्याने सांगावे.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती खरी आहे. वरच्या उदाहरणांत बहुतेक ठिकाणी बायकांचा गट आहे, आणि ‘बाईपण भारी देवा’ला निव्वळ विनोदी चित्रपट म्हणणेही ओढाताणीचे होईल. एकट्या नायिकेच्या खांद्यावर उभा राहिलेला मराठी विनोदी चित्रपट शोधू लागल्यास यादी लहानच होते. परंतु त्याचे कारण प्रेक्षक नाही, लेखन आहे. आपल्याकडच्या विनोदी चित्रपटांच्या भरभराटीच्या काळात नायिकेच्या वाट्याला बहुधा एखादे गाणे, थोडा रुसवा आणि शेवटचे लग्न एवढेच यायचे. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त सर्वाधिक हशा वसूल करणाऱ्या दोन ‘बायका’ कोण होत्या, हे आठवून पाहावे. त्या दोन्ही भूमिका पुरुषांनी केल्या होत्या. चित्रपट अर्थातच अजोड आहे, त्याविषयी वाद नाही. मात्र ज्या भूमिका लिहिल्याच गेल्या नाहीत, त्यांना प्रेक्षक मिळाला नाही असे म्हणणे न्यायाचे नाही.

संदेशातील सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे त्यासोबत जोडलेले तिकीट ॲपवरचे चित्र. कुठल्या तरी आधीच्या मराठी चित्रपटाच्या खेळाचा तो आसन-आराखडा आहे : ओळीच्या ओळी रिकाम्या, अगदी मागच्या रांगेत मधोमध चार जागा विकल्या गेलेल्या आणि खाली लाल अक्षरांत संदेशकर्त्याची टिप्पणी, ‘हे बघा तुमचे चाहते’. हे चित्र पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी वरच्या कोपऱ्यातील वार आणि वेळ वाचली, कोण जाणे. तेथे मंगळवार आहे आणि वेळ दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांची आहे.

मंगळवारी दुपारी सव्वाबारा-साडेबाराला ठाण्यातला आणि नवी मुंबईतला मराठी प्रेक्षक असतो कुठे? तो मुंबईत कचेरीत असतो, ऐरोली-महापेच्या कंपन्यांत असतो, शाळेत शिकवत असतो, नाहीतर मुलांना शाळेतून आणायला निघालेला असतो. संध्याकाळी ठाणे स्थानकावर उतरून, घोडबंदर रस्त्याची कोंडी सोसून कासारवडवलीला पोहोचेपर्यंत त्याचे आठ वाजून जातात. दिघा गाव, ऐरोली किंवा घणसोलीला राहणाऱ्याला एक तर ठाण्याकडे नाहीतर वाशी-सीवूड्सकडे जावे लागते आणि ठाण्यात उतरल्यावरही पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या मॉलपर्यंत रिक्षा करावी लागते. अशा माणसाला साडेसात ते साडेआठच्या दरम्यानचा खेळ हवा असतो. तो खेळ बहुधा त्या आठवड्यातील मोठ्या हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपटाला दिलेला असतो आणि मराठीच्या वाट्याला सकाळी पावणेदहा, दुपारी बारा आणि क्वचित रात्री पावणेअकरा अशा वेळा येतात. रात्री पावणेअकराला सुरू झालेला चित्रपट दीडच्या पुढे सुटणार. दुसऱ्या दिवशी पहाटे डबे करणाऱ्या बाईने तेथे जावे, अशी अपेक्षा कोणी करावी?

यावर सरकारी नियमाचा दाखला दिला जातो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला ‘प्राइम टाइम’ देण्याची घोषणा केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. सुरुवातीला संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ बोलली जात होती. मल्टिप्लेक्सचालकांशी चर्चा झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस झाली. त्यामुळे चित्रातील बारा पंचवीसचा खेळही त्या व्याख्येत चपखल बसतो! नियम पाळला गेला, खेळ लागला आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या. यात प्रेक्षकाची नावड कुठे सिद्ध झाली?

त्यापुढचे चक्र तर आणखी पक्के आहे. नवे चित्रपट शुक्रवारी येतात आणि पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवताना चालू आठवड्यातील, विशेषतः पहिल्या तीन दिवसांतील, विक्री पाहिली जाते. गैरसोयीच्या वेळेमुळे विक्री कमी, विक्री कमी म्हणून खेळ कमी आणि खेळ कमी म्हणून ‘चित्रपट उतरला’ अशी बातमी. शनिवारी संध्याकाळी भरलेला खेळ आणि मंगळवारी दुपारी ओस पडलेला खेळ एकाच चित्रपटाचे असू शकतात. संदेशकर्त्याने मंगळवारचे चित्र निवडले. शिवाय मराठी प्रेक्षक आठवडाभर आधी तिकीट काढणारा नाही. घरातली सगळी तयार झाली, पाहुणे आले नाहीत, पाऊस थांबला, मग तो रिक्षात बसून ॲप उघडतो. आदल्या रात्रीच्या आराखड्यावरून त्याची गर्दी मोजता येत नाही.

ओटीटीवर येईल तेव्हा पाहू, हा सल्ला वरकरणी व्यवहारी वाटतो. मात्र अनेक मराठी चित्रपट ओटीटीवर फार उशिरा येतात आणि काही येतच नाहीत. थिएटरात कोणी पाहिला नाही, तर तो विकत घेण्याची ओटीटी कंपनीला घाई नसते. निर्मात्याच्या बाजूने पाहिल्यास पहिला आठवडा आणखी मोलाचा ठरतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संप मिटला, तेव्हा तिकीटविक्रीतील निर्माते-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला. त्या उतरत्या वाटणीत उशिरा काढलेल्या तिकिटामागे चित्रपट करणाऱ्याच्या हाती कमी पैसे पडतात. ज्या अभिनेत्रीने विनोदी चित्रपट अधिक करावेत असे वाटते, तिच्या निर्मात्याच्या खिशाचा विचार चाहत्यांनी केला तर त्यात मूर्खपणा कसला?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे विनोदाला सोबत लागते. नाटकात हशा ओसरेपर्यंत नट थांबतो. पडद्यावरच्या नटीला ती सोय नसते. संकलकाने अंदाजाने जागा सोडलेली असते आणि थिएटर अंदाजापेक्षा जास्त हसले की पुढचे वाक्य बुडते. ते ऐकायला लोक पुन्हा जातात. घरी भाजी निवडताना, मध्येच थांबवून, दारावरची बेल वाजली म्हणून उठत पाहिलेल्या विनोदी चित्रपटाविषयी ‘ठीक होता’ यापलीकडे मत बनणे कठीण असते. तपासकथा एकट्याने पाहता येते, विनोदी चित्रपट शेजारच्या अनोळखी काकूंच्या हसण्यासह पाहायचा असतो, असे माझे मत आहे. कोणाचे वेगळे असू शकेल.

उत्साह विकतचा असल्याच्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पैसे घेऊन केलेली प्रसिद्धी असते, हे खरेच. ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. तशी नोंद न करणाऱ्यांना जरूर हटकावे. परंतु भिशीच्या पैशांतून एकत्र तिकिटे काढण्याचा बेत आखणाऱ्या कळव्याच्या बायकांना आणि आईला तिच्या आवडत्या अभिनेत्रीचा चित्रपट दाखवायचा म्हणून रजा टाकणाऱ्या नेरुळच्या मुलीला कोण पैसे देणार? ट्रेलरमध्ये सगळे विनोद संपले, हे तर चित्रपट पाहिल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही, आणि संदेशकर्त्याने तो पाहिलेला नाही.

उरला खर्चाचा मुद्दा, आणि तो मात्र खोटा नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी मॉलमध्ये चौघांची तिकिटे, पॉपकॉर्न आणि रिक्षा धरली तर दोन हजारांचा आकडा गाठणे अवघड नसते. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला खरा. पण मॉलमधील संध्याकाळचे तिकीट शंभराच्या वर असते आणि तेथे १८ टक्के कर कायम आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देण्याचा चित्रपटगृहाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला, पण पिण्याचे पाणी मोफत द्यावे लागेल, असेही सांगितले. ते हक्काने मागावे आणि पॉपकॉर्नला हात जोडावेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातील सकाळचा खेळ गाठावा, तो पुष्कळ स्वस्त पडतो. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांची तक्रार रास्त आहे. फक्त ती दर ठरवणाऱ्यांकडे केली पाहिजे, कारण तिकिटाचा दर त्या अभिनेत्रीने ठरवलेला नाही आणि तोच दर देऊन लोक नायकांचे विनोदी चित्रपट पाहतात, तेव्हा असा संदेश कोणी पाठवत नाही.