हुडिनीचा आत्मा बायकोशी बोलला नव्हता

जादूगार हॅरी हुडिनीबद्दलचा एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यातले दावे असे : आयुष्यभर आत्म्यांना खोटं ठरवणारा हुडिनी शेवटी एडिंबरोच्या एका अतींद्रिय शक्तीच्या बाईच्या प्रेमात पडला आणि तिने त्याच्या आईचे अखेरचे शब्द अचूक सांगितले. यावर सिनेमाही निघाला. मेल्यावर त्याने बायकोला गुप्त संदेश पाठवला, तिने सही करून तो खरा मानला. तो मेला तो शापाने. शेरलॉक होम्सच्या लेखकाचाही आत्म्यांवर विश्वास होता. आणि हे सगळं ‘विज्ञानाने सिद्ध’ आहे.

हा मेसेज माझ्या मावशीला आला. काकांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. ‘काकांशी बोलणं करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या एका माणसाने पुरावा म्हणून तो पाठवला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी सिनेमा. ‘डेथ डिफाइंग अ‍ॅक्ट्स’ हा 2007 चा प्रेमपट. त्यातली मेरी मॅकगार्व्ही, तिची मुलगी, 1926 चं एडिंबरो, तिथलं प्रेम, सगळं पटकथेतलं. खरा हुडिनी त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये, पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांवर बंदी घाला म्हणून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होता.

आईचं म्हणाल तर ती 1913 मध्ये गेली. हुडिनी तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर, कोपनहेगनला होता. या दुःखापायीच तो भल्याभल्या ‘माध्यमां’कडे, म्हणजे मेलेल्यांशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्यांकडे, जाऊन बसला. जून 1922 मध्ये अटलांटिक सिटीत शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल याच्या पत्नीने ‘आईच्या आत्म्याकडून’ पंधरा पानं लिहून काढली. पानाच्या वर क्रूस, मजकूर इंग्रजीत. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. डॉइलचा आत्म्यांवर मनापासून विश्वास होता, मेसेजमधली तेवढी ओळ खरी आहे. पण या पानांवरून आणि पुढच्या जाहीर वादांतून त्या दोघांची मैत्री तुटली, हे मेसेज सांगत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मावशी अडली आहे, तो. बायकोने सही केली होती का? केली होती. 8 जानेवारी 1929 ला आर्थर फोर्ड नावाच्या माध्यमाने बेस हुडिनीला संदेश सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तिने, हाच ठरलेला संदेश, अशा निवेदनावर सही केली. नाकारण्यात अर्थ नाही. पण तो संदेश होता काय, हे बघा.

‘रोझाबेल’ हा पहिला शब्द. हे त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतलं गाणं, बेसच्या अंगठीत कोरलेलं. पुढे ‘आन्सर, टेल, प्रे-आन्सर, लुक, टेल, आन्सर-आन्सर, टेल’. ही नवरा-बायकोची जुनी रंगमंचावरची सांकेतिक भाषा. एक जण प्रेक्षकांत उभा राहून वस्तू हातात घ्यायचा, साध्या वाटणाऱ्या शब्दांतून आकडे कळवायचा आणि डोळे बांधलेला दुसरा ती वस्तू ओळखायचा. ‘प्रे’ म्हणजे 1, ‘आन्सर’ 2, ‘टेल’ 5, ‘लुक’ 9. आकड्यावरून इंग्रजी अक्षर : 2 म्हणजे बी, 5 म्हणजे ई, 12 म्हणजे एल. सगळं जोडलं की ‘बिलीव्ह’, विश्वास ठेव.

आणि ही किल्ली हॅरॉल्ड केलॉकने लिहिलेल्या हुडिनीच्या चरित्रात छापली होती. ते पुस्तक बेसच्याच मदतीने तयार झालं आणि 1928 साली प्रसिद्ध झालं, म्हणजे फोर्डच्या बैठकीच्या आधी! जे पुस्तक कुणीही विकत घेऊ शकत होतं, त्यातली खूण सांगायला आत्मा कशाला लागतो? बेस त्या दिवसांत आजारी होती, फ्लू होऊन गेला होता, पडून लागलंही होतं. काही दिवसांत न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने हा बनाव असल्याचं छापलं आणि पुढे बेसनेही नवऱ्याचा संदेश आल्याचं नाकारलं. 31 ऑक्टोबर 1936 ला हॉलिवूडच्या निकरबॉकर हॉटेलच्या गच्चीवर तिने नवऱ्याच्या आत्म्याला बोलावण्यासाठी शेवटची बैठक घेतली. काहीही आलं नाही. तिने दिवा मालवला आणि दहा वर्षं वाट पाहिली, आता पुरे, असं सांगितलं. सहीचा फोटो फिरवणारे ही गच्ची वगळतात.

फोर्डचं पुढे काय झालं? 1967 मध्ये त्याने टीव्हीवर बिशप पाइक या ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यांच्या मृत मुलाचे निरोप दिले. 1971 मध्ये फोर्ड मेला, तेव्हा त्याच्या कागदांत त्या बैठकीतला तपशील पुरवणारी कात्रणं निघाली. मावशी, माहिती आधी गोळा होते. काकांचं गाव, नोकरी, आजारपण, सगळं तुझ्या फेसबुकवर आहे.

शाप वगैरे काही नाही. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला, उशिरा शस्त्रक्रिया झाली आणि हुडिनी डेट्रॉइटच्या ग्रेस हॉस्पिटलमध्ये वारला.

‘विज्ञानाने सिद्ध’? ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने 1922 मध्ये आत्म्याचं छायाचित्र आणि प्रत्यक्ष प्रकटीकरण, दोन्हींसाठी अडीच-अडीच हजार डॉलर लावले होते. परीक्षकांत हुडिनी होता. बॉस्टनची प्रसिद्ध माध्यम ‘मार्जरी’सुद्धा ते बक्षीस मिळवू शकली नाही, ते कुणालाच मिळालं नाही.

मावशी, त्या माणसाला एक पैसाही देऊ नकोस. तो परत फोन करेल तेव्हा मला जोडून घे. आणि हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर केलॉकच्या पुस्तकाचं सालही टाकावं.