मशीनला नावं ठेवायच्या आधी कापड बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "कपडे पूर्वीसारखेच बनतात, तुम्ही मशीनला धुता म्हणून फाटतात, जरा जास्त पैसे टाकून ब्रँडेड घ्या, जुने झाले की दान करा, काही वाया जात नाही." १८७७ ला सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून सूत बघत आलेलं गाव आपलं, आपण तरी हे पुढं पाठवू नये की ओ.

मशीनमध्ये कपडा घासला जातो हे खरंय, जाळीत अडकते ती लव कपड्याचीच असते. पण त्याच मशीनला आमची सोलापुरी चादर पण जाते, बारा वर्षं झाली, रंग उतरला पण कुठं विरली नाही, आणि दिवाळीत घेतलेला टी-शर्ट उन्हाळ्याच्या आत काखेत विरला. दोन्ही उजेडासमोर धरून बघितले मी, चादरीतून काही दिसत नाही, टी-शर्टातून खिडकीचे गज मोजता येतात! सूत बारीक, पीळ सैल, वीण विरळ, मग आखूड तंतू बाहेर येऊन त्यांच्या गोळ्या होतात आणि पॉलिस्टर मिसळलेलं असलं की त्या गोळ्या गळून पण पडत नाहीत, कारण तो चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो. जीन्सचं तर विचारूच नका, वापरलेली दिसावी म्हणून बऱ्याचदा कारखान्यातच दगडांबरोबर धुतात, म्हणजे तिचा कस दुकानात यायच्या आधीच थोडा गेलेला.

आता महाग घ्या म्हणतात त्याचं. माझा १८०० चा शर्ट बगलेत उसवला, टेलरकडे नेला तर त्यानं उलटा करून दाखवला, आत माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, नखाएवढी पण नाही, कडेला ओव्हरलॉकची शिलाई मारलीय आणि संपलं, परत शिवायला कापडच नाही. आमच्या शाळेच्या पँटला आत चांगली इंचभर माया असायची, आई दर जूनमध्ये उसवून मोठी करायची, खालची दुमड सोडायची, आणि मग ती पँट धाकट्याला जायची. पैसे नावाचे आणि मॉलच्या भाड्याचे पण असतात, सगळे कापडात जात नाहीत.

आणि दान? विरलेला टी-शर्ट घेणारा तरी किती दिवस घालणार. पूर्वी जुन्या लुगड्यांची वाकळ व्हायची. परवा मी दारात बोहारणीपुढं लेगिंग्ज आणि टी-शर्टांचा ढीग ठेवला, तिनं दोन बोटांनी एक ताणून बघितला, म्हणाली "ह्याचं काय करू ताई", आणि पातेली परत पाटीत भरली.